वाचकांचे प्रश्न : नावांच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात?

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. मराठी मजकूर डेटाबेसमध्ये जाताना किंवा तिथून बाहेर येताना बिघडतो, आणि दोष कुणाचा हे कळत नाही. बहुतेक वेळा डेटाबेस निर्दोष असतो. गडबड होते ती प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये मजकुराची ने-आण करणाऱ्या ड्रायव्हर या सॉफ्टवेअरपाशी, कारण आपण देतोय तो मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे त्याला नीट सांगितलेलं नसतं. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावीत.

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. पट्टीचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर चालतं. शेतकऱ्याचं नाव मराठीत टाइप करताना स्क्रीनवर नीट दिसतं, पण सेव्ह करून पुन्हा उघडलं की सगळी प्रश्नचिन्हं. कॉलम 'व्हारचार' या जुन्या मजकूर-प्रकाराचा 'एनव्हारचार' (सगळ्या लिप्या मावणारा प्रकार) करून घेतला, तरी तेच. जुनी चारशेएक नावं परत मिळतील का?

उत्तर : आधी वाईट बातमी. ज्या रकान्यात प्रश्नचिन्हं साठली आहेत, त्यातून मूळ नाव परत काढता येत नाही. ते अक्षर झाकलं गेलेलं नाही, त्याच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं आहे. खात्री करायची तर 'युनिकोड(लेफ्ट(नाव,१))' ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारणा, चालवा. ती पहिल्या अक्षराचा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीतला, क्रमांक सांगते. उत्तर ६३ आलं तर ते प्रश्नचिन्हच आहे. २३०४ ते २४३१ यांमधला आकडा आला तर अक्षर देवनागरी आहे आणि शाबूत आहे ('म'साठी २३५० येतं). गेलेली नावं छापील पट्ट्या, बँकेला पाठवलेल्या याद्या किंवा बिघाडाआधीचा बॅकअप यांतूनच भरावी लागतील.

आता कॉलम बदलूनही दुखणं का गेलं नाही ते पाहू. मराठी नावाला टेबलात पोचेपर्यंत चार दारं ओलांडावी लागतात आणि त्यातलं एक जरी अरुंद असलं तरी घात होतो. कॉलम हे शेवटचं दार. तुम्ही तेवढंच रुंद केलं आहे.

पहिलं दार म्हणजे क्वेरीतला मजकूर. अवतरणचिन्हांत मराठी नाव लिहिलं आणि त्याच्या आधी रोमन मोठा 'एन' लावला नाही, तर सर्व्हर तो मजकूर आधी डेटाबेसच्या मूळ कोलेशनच्या (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांच्या) कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यामध्ये, बदलतो. बहुतेक ठिकाणी ते कोडपेज १२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपातली अक्षरं. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि हे कॉलमपर्यंत पोचण्याच्या आधीच घडतं. मॅनेजमेंट स्टुडिओत एकाच नावाच्या दोन नोंदी घालून पाहा, एक 'एन' लावून, एक न लावता. फरक लगेच दिसेल.

दुसरं दार पॅरामीटरचं, म्हणजे प्रोग्राम क्वेरीला वेगळी पुरवतो त्या किमतीचं. प्रोग्राम एडीओ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या जोडणी-पद्धतीत असेल तर पॅरामीटरचा प्रकार 'एडी-व्हारचार' (क्रमांक २००) नसून 'एडी-व्हार-डब्ल्यू-चार' (क्रमांक २०२) हवा. डॉट नेटमध्ये 'एसक्यूएल-डीबीटाइप'पुढे 'व्हारचार' लिहिलेलं असेल तर तिथे 'एनव्हारचार' करा. थेट ओडीबीसी (वेगवेगळ्या डेटाबेसना जोडायची सामाईक पद्धत) वापरणाऱ्यांनी 'एसक्यूएल-डब्ल्यूव्हारचार' आणि 'एसक्यूएल-सी-डब्ल्यूचार' ही जोडी द्यावी. तिसरं दार स्टोअर्ड प्रोसिजरचं, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञांचं, आणि हेच हमखास विसरलं जातं. टेबल बदललं, प्रोग्राम बदलला, पण प्रोसिजरच्या सुरुवातीला '@नाव व्हारचार(१००)' तसंच राहिलं तर नाव तिथेच मरतं. सगळ्या प्रोसिजर, ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आणि त्यांच्या आतले तात्पुरते व्हेरिएबल एकदा शोधून काढा.

कुणी म्हणेल, २०१९ पासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याची एक पद्धत) कोलेशन आलं आहे, ते लावा म्हणजे 'व्हारचार'च चालेल. चालतं, पण आम्ही ते सुचवणार नाही. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, 'एनव्हारचार'मध्ये २. शिवाय फक्त कॉलमचं कोलेशन बदललं आणि डेटाबेसचं जुनंच राहिलं, तर 'एन' न लावलेला मजकूर तरीही बिघडतोच.

प्रश्न : जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत काम करतो. जावा प्रोग्राम, एसक्यूएल सर्व्हर. वितरकांची नावं वर्षभर नीट येत होती. गेल्या महिन्यापासून नव्या नोंदींत प्रश्नचिन्हं येतात. प्रोग्रामात काही बदललेलं नाही, फक्त शोध हळू चालत होता म्हणून कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसशी जोडणीच्या ओळीत) एक सेटिंग टाकलं होतं.

उत्तर : तेच सेटिंग. मायक्रोसॉफ्टच्या जेडीबीसी (जावा प्रोग्रामसाठीच्या) ड्रायव्हरमध्ये 'सेंड-स्ट्रिंग-पॅरामीटर्स-अॅज-युनिकोड' मूळचं 'ट्रू' असतं. ते 'फॉल्स' केलं की ड्रायव्हर सगळे मजकूर कोडपेजमध्ये बदलून पाठवतो. शोध वेगवान होतो आणि मराठी जातं.

हळूपणाचं कारण मात्र खरं आहे. वितरक-कोडचा कॉलम 'व्हारचार' आहे आणि ड्रायव्हर पॅरामीटर 'एनव्हारचार' म्हणून पाठवतो. दोन प्रकार जुळवण्यासाठी सर्व्हर कॉलमचीच प्रत्येक किंमत बदलत बसतो आणि 'एसक्यूएल' या नावाने सुरू होणाऱ्या जुन्या कोलेशनवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) असूनही सगळं टेबल चाळतो. सेटिंग परत 'ट्रू' करा. मग ज्या मोजक्या क्वेरी कोडवर शोधतात तिथे पॅरामीटरलाच 'कास्ट' लावून 'व्हारचार(२०)' करा. कोडमध्ये रोमन अक्षरं आणि अंकच असतात, त्यामुळे काही हरवत नाही. नावांना हात लावू नका.

प्रश्न : नांदेडच्या एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची मायएसक्यूएलमध्ये आहे. नव्या सर्व्हरवर हलवल्यावर पुस्तकांच्या नावांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि चार कोपऱ्यांना काड्या असलेलं गोल चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसतं. अठरा हजार नोंदी आहेत. हीसुद्धा गेली का?

उत्तर : नाही, तुमची नावं बहुधा जिवंत आहेत. प्रश्नचिन्ह म्हणजे गेलं, आणि अशी चित्रविचित्र रोमन चिन्हं म्हणजे वाचलं, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट असतात आणि पहिले दोन नेहमी 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' असतात. हे बाइट कुणी कोडपेज १२५२ समजून वाचले की 'ई०'चा तो तिरक्या रेघेचा 'ए' दिसतो आणि 'ए४'चं ते काड्यांचं गोल. म्हणून तीच जोडी सतत दिसते.

काहीही करण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मग 'हेक्स(शीर्षक)' ही साठलेले बाइट दाखवणारी क्वेरी दहा-वीस नोंदींवर चालवा. 'म'ने सुरू होणाऱ्या शीर्षकाची सुरुवात कशी दिसते त्यावर पुढचं सगळं ठरतं.

'ई०ए४एई' दिसलं आणि कॉलमचा कॅरेक्टर सेट (बाइट कोणत्या तक्त्याने वाचायचे याची पाटी) 'लॅटिन१' असेल, तर बाइट बरोबर आहेत, पाटी चुकीची आहे. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मूळ सेट 'लॅटिन१'च असायचा, म्हणून जुन्या टेबलांत हे सर्रास आढळतं. इथे 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' ही आज्ञा चुकूनही देऊ नका. ती चुकीच्या पाटीवर विश्वास ठेवून बाइट नव्याने बदलते. आधी 'अल्टर टेबल ... मॉडिफाय शीर्षक व्हारबायनरी(२००)' करून पाटी काढून टाका, मग 'मॉडिफाय शीर्षक व्हारचार(२००) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' करून बरोबर पाटी (मायएसक्यूएलमधली पूर्ण यूटीएफ-८) लावा. 'नॉट नल' आणि 'डिफॉल्ट' दोन्ही वेळा पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर ते गळून पडतं. 'ब्लॉब'ऐवजी 'व्हारबायनरी' घेतल्यास त्या कॉलमवरचा इंडेक्स आड येत नाही. दुसऱ्या पायरीला त्रुटी १३६६ आली तर घाबरू नका. जुन्या 'लॅटिन१' कॉलममध्ये २०० म्हणजे २०० बाइट, म्हणजे जेमतेम ६६ देवनागरी चिन्हं. त्याहून लांब शीर्षकं तेव्हाच कापली गेली होती आणि त्यांच्या टोकाला अर्धं अक्षर लोंबकळतंय. तेवढ्या नोंदींचे शेवटचे एक-दोन बाइट छाटून पुन्हा चालवा.

'सी३ए०सी२ए४सी२एई' दिसलं तर मजकूर दोनदा गुंडाळला गेला आहे. तीन बाइटांच्या जागी सहा झाले आहेत. त्यासाठी 'कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(शीर्षक यूजिंग लॅटिन१) अॅज बायनरी) यूजिंग यूटीएफ८एमबी४)' हे सूत्र 'सिलेक्ट'मध्ये तपासून मगच 'अपडेट'मध्ये वापरा. खरा धोका पुढे आहे. सर्व्हर हलवल्यानंतर ज्या नोंदी नव्याने घातल्या त्या बरोबर असण्याची शक्यता मोठी. त्यांच्यावर हेच सूत्र फिरलं तर आतलं 'यूजिंग लॅटिन१' धड देवनागरीची प्रश्नचिन्हं करून टाकेल, आणि मग तुमची अवस्था वरच्या लातूरच्या वाचकासारखी होईल. म्हणून अट घालाच : 'व्हेअर हेक्स(शीर्षक) लाइक "%सी३ए०सी२ए%"'.

टेबल दुरुस्त झालं तरी ड्रायव्हर तसाच राहिला तर उद्याची नोंद पुन्हा बिघडेल. जोडणी उघडल्यावर 'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४' द्या किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कॅरेक्टर सेट लिहा. ओडीबीसीच्या यादीत मायएसक्यूएलचे दोन ड्रायव्हर दिसतात, एक 'एएनएसआय', दुसरा 'युनिकोड'. दुसरा घ्या. आणि नुसतं 'यूटीएफ८' न लिहिता 'यूटीएफ८एमबी४'च लिहा. पहिल्यात एका चिन्हाला तीन बाइटांचीच जागा आहे. मराठी त्यात मावतं, पण अभिप्रायात कुणी इमोजी टाकला की चार बाइट लागतात आणि नोंद अडते. जुन्या रो-फॉरमॅटच्या (ओळी साठवण्याच्या मांडणीच्या) टेबलात 'व्हारचार(२५५)'वर इंडेक्स असेल तर या बदलात ७६७ बाइटांची मर्यादा आडवी येईल. तिथे इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांवर करा किंवा टेबलाचा रो-फॉरमॅट 'डायनॅमिक' करा, त्यात ३०७२ बाइट मिळतात.

प्रश्न : जिल्ह्यांची नावं बदलल्यावर यादी सुधारली. 'धाराशिव' काही ठिकाणी नीट बसलं, पण 'छत्रपती संभाजीनगर' कुठे कापलं जातं, कुठे त्रुटी येते, कुठे टोकाला चौकोनात प्रश्नचिन्ह दिसतं. कॉलम तर २० अक्षरांचा आहे आणि आम्ही मोजली तर अक्षरं तेवढी होत नाहीत. (पैठण)

उत्तर : '२०' या आकड्याचा अर्थ प्रत्येक डेटाबेस वेगळा लावतो. 'छत्रपती संभाजीनगर' या नावात संगणकाच्या हिशेबाने १७ चिन्हं आहेत. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत ही सगळी स्वतंत्र धरली जातात, त्यामुळे 'त्र' म्हणजे त, हलंत आणि र अशी तीन. यूटीएफ-८मध्ये १६ चिन्हांचे ४८ आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, असे ४९ बाइट. यूटीएफ-१६मध्ये ('एनव्हारचार'ची पद्धत) ३४. जुन्या 'औरंगाबाद'ची ८ चिन्हं, २४ बाइट. 'धाराशिव'ची ७ चिन्हं, २१ बाइट.

पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल 'व्हारचार(२०)' म्हणजे २० चिन्हं धरतात, तिथे नाव बसतं. एसक्यूएल सर्व्हरच्या 'एनव्हारचार(२०)'मध्येही बसतं. ओरॅकलच्या 'व्हारचार२(२०)'चा अर्थ मात्र, वेगळं सांगितलं नसेल तर, २० बाइट. तिथे ओआरए-१२८९९ ही त्रुटी येते आणि तीच लागलेली व मिळालेली लांबी सांगते. उपाय 'व्हारचार२(२० चार)'. पण कमाल ४००० बाइटांची मूळ मर्यादा यानेही हलत नाही. 'व्हारचार२(२००० चार)' लिहिलं तरी शुद्ध मराठी १३३३ चिन्हांवर थांबतं.

टोकाला चौकोनातलं प्रश्नचिन्ह दिसतं तिथे डेटाबेस धड आहे आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने घेतलेलं भांडं लहान आहे. ड्रायव्हरने 'कॉलमची लांबी २०' म्हटल्यावर प्रोग्रामने मजकुरासाठी २० बाइटांचीच जागा घेतली. त्यात 'छत्रपत' एवढ्याचे १८ बाइट मावले आणि दुसऱ्या वेलांटीच्या तीन बाइटांपैकी दोनच आले. तेच अर्धं अक्षर तुम्हाला चौकोन होऊन दिसतंय. अशा वेळी ओडीबीसी ड्रायव्हर ०१००४ ही सूचना देतो, पण ती त्रुटी नसून इशारा असल्यामुळे बरेच प्रोग्राम तिच्याकडे पाहतच नाहीत. यूटीएफ-८ घेत असाल तर चिन्हांच्या चौपट आणि शेवटच्या शून्यासाठी एक बाइट एवढी जागा घ्या. 'सी-डब्ल्यूचार' घेत असाल तर बफरची (त्या भांड्याची) लांबी सांगताना अक्षरं नव्हे, बाइट सांगा. 'एसक्यूएल-गेट-डेटा' आणि 'एसक्यूएल-बाइंड-कॉल' लांबी बाइटांतच मागतात आणि इथे निम्मी जागा सांगण्याची चूक फार होते.

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांची नोंदवही एक्सेलमध्ये आहे. ती प्रोग्रामात घेताना गट नंबरच्या रकान्यात निम्म्या नोंदी रिकाम्या येतात. काही बँक खात्यांचा शेवटचा अंक शून्य झाला आहे.

उत्तर : दोन वेगळे बिघाड आहेत. एक्सेल वाचणारा एसीई ड्रायव्हर कॉलमचा प्रकार विचारत नाही, अंदाज बांधतो, तोही पहिल्या ८ ओळी पाहून. त्या आठ ओळींत '१४५', '२१२', '७८' असे नुसते आकडे असले की तो कॉलम संख्येचा ठरतो. मग नवव्या ओळीतला '४५/अ' किंवा '१२३/१' संख्येत बसत नाही, म्हणून तिथे 'नल', म्हणजे रिकामी किंमत, येतो. त्रुटी नाही, इशारा नाही. म्हणूनच हा बिघाड आम्हाला सर्वांत घातक वाटतो. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'आयएमईएक्स=१' टाका असं जो तो सांगतो, पण त्याचा उपयोग त्या आठ ओळींतच मिश्र मजकूर असेल तेव्हा होतो. आठही आकडेच असतील तर ते टाकूनही फरक पडत नाही.

खात्रीचा मार्ग असा. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात फाइल जतन करा. त्याच फोल्डरमध्ये 'स्कीमा.आयएनआय' नावाची साधी मजकूर फाइल ठेवा. तिच्या पहिल्या ओळीत चौकटी कंसात सीएसव्ही फाइलचं नाव अगदी तंतोतंत लिहा. पुढे 'कॉल-नेम-हेडर=ट्रू', 'फॉरमॅट=सीएसव्ही-डीलिमिटेड', 'कॅरेक्टर-सेट=६५००१', आणि मग प्रत्येक कॉलमचा प्रकार स्वतः सांगा, जसं 'कॉल३=गटनं टेक्स्ट विड्थ २०'. एकही कॉलम ड्रायव्हरच्या अंदाजावर सोडू नका. कॅरेक्टर-सेटची ओळ राहिली तर मजुरांची नावं नांदेडच्या ग्रंथसूचीसारखी दिसतील.

सीएसव्ही करण्याआधी गट नंबरचा रकाना डोळ्यांखालून घाला. '१२/३' टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं. '१२-मार्च' असं काही दिसलं तर ती नोंद मूळ सातबाऱ्यावरून पुन्हा भरा.

खाते क्रमांकाचं नुकसान एक्सेलमध्येच झालेलं आहे, ड्रायव्हरचा त्यात हात नाही. एक्सेल संख्येचे १५ अंकच धरून ठेवतं. सोळावा अंक शून्य होतो आणि तो परत येत नाही, पासबुक पाहूनच भरावा लागतो. खाते क्रमांक, आधार, मोबाइल, पिनकोड यांची कधी बेरीज होत नाही. त्यांचे रकाने टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा आणि डेटाबेसमध्येही मजकूर प्रकारातच ठेवा.

प्रश्न : शेतकऱ्यांनी मोबाइलवरून भरलेल्या अर्जात क्षेत्र '२.४०' असं देवनागरी अंकांत येतं. आमच्या पायथॉनच्या चाचणीत चालतं, डेटाबेस मात्र नाकारतो. (परभणी)

उत्तर : पायथॉन आणि जावा देवनागरी अंक संख्या म्हणून ओळखतात, डेटाबेस ओळखत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल आणि २०१७ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ट्रान्सलेट' हे फंक्शन दहाही अंक एका फटक्यात इंग्रजी अंकांत बदलतं. एसक्यूएल सर्व्हरवर तिथेही 'एन' लावायला विसरू नका. मायएसक्यूएलमध्ये ते फंक्शन नाही, दहा 'रिप्लेस' एकात एक घालावे लागतात. त्याहून बरं म्हणजे प्रोग्रामातच संख्या करून ती दशांश प्रकाराच्या पॅरामीटरने पाठवणं. साठवताना संख्या, दाखवताना देवनागरी.

प्रश्न : आमच्या यादीत 'कुऱ्हाडे' आडनावाचे अकरा सभासद आहेत, शोधल्यावर सातच सापडतात. 'ॲड.' लिहून वकील शोधले तरी तसंच. अक्षरं तर डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसतात. (अंबाजोगाई)

उत्तर : हा प्रश्न खास मराठीचा आहे. परदेशी पुस्तिकांत त्याचं उत्तर सहसा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

'ऱ्ह'मधला अर्धा र तीन प्रकारे लिहिला जातो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह (क्रमांक २३५३) आणि हलंत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि 'जे' दाबलं की हे येतं. दोन, साधा र, खाली नुक्ता आणि हलंत. तीन, साधा र (२३५२), हलंत (२३८१) आणि न दिसणारं जोडचिन्ह (८२०५). काही ध्वनीनुसारी कळफलक हे तिसरं रूप देतात. पडद्यावर तिन्ही सारखी, बाइट तिन्हींचे वेगळे. पहिली दोन रूपं युनिकोडच्या लेखी समान आहेत. 'एनएफसी' नावाच्या प्रमाणीकरणाने ती एक होतात, आणि पोस्टग्रेएसक्यूएल १३ पासून त्यासाठी 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन आहे. तिसरं रूप मात्र त्याने बदलत नाही. ते स्वतःच बदलावं लागतं.

'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं, क्रमांक २४१८. त्याआधी लोक 'अ' (२३०९) टाइप करून वर चंद्र (२३७३) देत, आणि कित्येक कळफलक अजूनही तेच करतात. प्रमाणीकरण या दोहोंनाही समान मानत नाही. 'बँक' आणि 'बॅंक' ही तिसरी जोडी. पहिल्यात चंद्रबिंदू आहे, दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार.

एसक्यूएल सर्व्हरवर 'रिप्लेस(नाव, एनचार(२३५२)+एनचार(२३८१)+एनचार(८२०५), एनचार(२३५३)+एनचार(२३८१))' असं लिहाल, तर थांबा. भाषिक कोलेशनमध्ये त्या अदृश्य जोडचिन्हाला वजन नसतं. त्यामुळे 'शर्मा'तला साधा रफारसुद्धा जुळला असं समजून त्याचाही 'ऱ्' होऊ शकतो. 'रिप्लेस'च्या आतल्या 'नाव'ला 'कोलेट लॅटिन१_जनरल_बिन२' लावा, म्हणजे तुलना चिन्हाच्या क्रमांकाने होईल. आधी 'सिलेक्ट'ने किती नोंदी बदलतात ते पाहा, आणि त्यात शर्मा, वर्मा, कर्डिले दिसले तर कोलेशन लागलेलं नाही असं समजा.

आमचं मत असं की मूळ नावाला हात न लावता शोधासाठी वेगळा कॉलम करावा आणि त्यात एकरूप केलेलं नाव ठेवावं. शोधणाऱ्याने टाइप केलेला मजकूरही त्याच नियमांतून गेला पाहिजे. माणूस आपलं नाव जसं लिहितो तसं ते कागदावर छापलं जावं.

प्रश्न : हिंगोलीच्या आमच्या कार्यालयात ॲक्सेसमधून एसक्यूएल सर्व्हरची टेबलं जोडली आहेत. तारखेचा कॉलम मजकुरासारखा वागतो, एका टेबलात सगळीकडे 'डिलीटेड' दिसतं, तर दुसऱ्यात नोंद बदलताना 'दुसऱ्या वापरकर्त्याने बदल केला आहे' असं येतं. वापरणारी व्यक्ती एकच आहे.

उत्तर : विंडोजसोबत येणारा 'एसक्यूएल सर्व्हर' नावाचा ड्रायव्हर जुना आहे. 'डेट' आणि 'डेटटाइम२' हे प्रकार त्याला माहीत नाहीत, म्हणून तो त्यांना मजकूर म्हणून देतो. मायक्रोसॉफ्टचा 'ओडीबीसी ड्रायव्हर १७' किंवा १८ बसवा. १८मध्ये जोडणी मूळचीच एन्क्रिप्टेड असते. कार्यालयातल्या सर्व्हरकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नसेल तर जोडणी नाकारली जाते. बंदिस्त नेटवर्कवर 'ट्रस्ट-सर्व्हर-सर्टिफिकेट=यस' देऊन काम चालतं. नुसता ड्रायव्हर बदलून ॲक्सेस कॉलमचे जुने प्रकार विसरत नाही. जोडलेली टेबलं काढून नव्याने जोडा.

'डिलीटेड'चं कारण बहुधा प्रायमरी की (प्रत्येक नोंद ओळखणारा कॉलम) 'बिगइंट', म्हणजे खूप मोठ्या पूर्णांकांच्या प्रकाराची, असणं. जुन्या ॲक्सेसला तो प्रकार कळत नाही, त्यामुळे आत्ताच आणलेली नोंद त्याला पुन्हा सापडत नाही. नव्या आवृत्तीत पर्यायांमध्ये 'बिगइंट' चालू करता येतं. ते नसेल आणि नोंदी २१४ कोटींच्या आत असतील तर की 'इंट' करा. तिसऱ्या तक्रारीसाठी 'बिट' (हो/नाही) प्रकारचे कॉलम पाहा. त्यात 'नल' असला की ॲक्सेस तो 'नाही' असा वाचतं आणि सेव्ह करताना मूळ नोंद जुळत नाही. सगळे 'नल' शून्य करा, डिफॉल्ट ० ठेवा, आणि टेबलात एक 'रोव्हर्जन' (नोंद बदलली की आपोआप बदलणारा) कॉलम वाढवा. मग ॲक्सेस बाकीचे कॉलम न पडताळता तेवढाच पडताळतं.

आणखी एक. लातूरच्या वाचकाप्रमाणे प्रश्नचिन्हांच्या नोंदी ॲक्सेसमध्ये शोधायच्या तर '?' नुसतं लिहू नका. ॲक्सेसमध्ये त्याचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा होतो. ते चौकटी कंसात घाला.

प्रश्न : ड्रायव्हर बसवला, तरी 'ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशनचं आर्किटेक्चर जुळत नाही' असं येतं. (उदगीर)

उत्तर : ही त्रुटी आयएम०१४. प्रोग्राम ३२ बिटचा आणि डीएसएन (जतन केलेली ओडीबीसी जोडणी) ६४ बिटचा, किंवा उलट. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'सिस्टिम३२'तलं 'ओडीबीसीएडी३२' हे ६४ बिटचं आणि 'सिसवाऊ६४'तलं ३२ बिटचं आहे. नावं उलटी वाटतात, पण असंच आहे. प्रोग्रामला जुळणाऱ्या बाजूला ड्रायव्हर बसवून डीएसएन तिथेच करा.

प्रश्न : पतसंस्थेच्या १९९८ पासूनच्या नोंदी जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. नव्या डेटाबेसमध्ये घेतल्या की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. ड्रायव्हरमध्ये कोणतं सेटिंग करावं? (धाराशिव)

उत्तर : कोणतंच नाही. त्या नोंदींत मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवले आहेत आणि फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवत होता. ड्रायव्हर ते इमानाने पोचवतोय. आधी कोणता फॉन्ट होता ते शोधा, कारण श्री-लिपी, कृतीदेव, सुरेख यांची मांडणी एकमेकांशी जुळत नाही. जुना संगणक चालू असेल तर एक छापील यादी आणि तोच मजकूर फाइलमध्ये, असं जोडीने काढून घ्या. रूपांतरक त्या जोडीवर तपासता येतो.

तपासताना चार जागा पाहा. ऱ्हस्व वेलांटी, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर येते. रफार, जो तिथे अक्षरानंतर असतो आणि इथे आधी. 'क्ष' आणि 'ज्ञ'. आणि 'ऱ्य'. 'कीर्ती', 'निर्मला', 'ज्ञानेश्वर', 'सोनाऱ्या' अशी पन्नासेक नावं निवडून दोन्हींकडे ताडून पाहा. रूपांतर मजकूर फाइलवर करा, थेट टेबलावर नको. जुन्या मजकुराचा कॉलमही मूळ रूपात शेजारी ठेवा. खात्यावरचं एखादं नाव चुकलेलं दोन वर्षांनी लक्षात आलं तर ताडून पाहायला तोच उरतो.